माशांचा ठाव घेणारे यंत्र आणि ॲल्युमिनियमची होडी

कार्यक्रमपत्रिकेत या विषयाचे नाव वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंतातल्या संध्याकाळी आपण साहित्य, इतिहास, अर्थकारण, फार तर एखादे प्रवासवर्णन ऐकायला येतो. होडीच्या मागच्या फळीला मुठीएवढा एक तुकडा कसा बसवावा, यात नागरिकांना काय स्वारस्य असणार? त्यातून बोलणारा मनुष्य इंजिनिअर नाही आणि कोळीही नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या सहवासात झाले. या मंडळींनी मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. यंत्र कितीही महागाचे असो, ते बसवणाऱ्याला त्यामागचे कारण ठाऊक नसेल, तर ते यंत्र निम्मे आंधळेच राहते. आजचा विषय मी निवडला तो या गोष्टीचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडत नाही म्हणून.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. त्याला इंग्रजीत फिश फाइंडर म्हणतात. आपण त्याला मत्स्यशोधक म्हणू. त्याचे दोन भाग असतात. एक भाग होडीतल्या माणसासमोर असतो. तो लहानशा दूरदर्शन संचासारखा दिसतो आणि त्याच्या पडद्यावर पाण्याचा तळ, तळावरचे खडक, मधले मासे असे चित्र उमटते. दुसरा भाग पाण्यात असतो. त्याचे नाव ट्रान्सड्यूसर. पैसे मोजताना आपले सारे लक्ष पडद्याकडे असते, पण ऐकण्याचे काम हा पाण्यातला भागच करतो. पडदा फक्त त्याने ऐकलेले लिहून दाखवतो.

पाण्यात आवाज चालतो आणि हवेपेक्षा पुष्कळच वेगाने चालतो, हे माणसाने मोजून पाहिले त्याला आता दोनशे वर्षे होत आली. १८२६ साली कोलादों आणि स्तुर्म या दोन शास्त्रज्ञांनी जिनिव्हाच्या सरोवरात सुमारे साडेतेरा किलोमीटर अंतरावर दोन होड्या उभ्या केल्या. एका होडीवरून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर दारूचा भडका उडवायचा. दुसऱ्या होडीतला मनुष्य पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून बसलेला. भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ त्याने मोजला. तो साडेनऊ सेकंदांच्या आसपास भरला. त्यावरून पाण्यातल्या आवाजाचा वेग सेकंदाला १४३५ मीटर निघाला. खाऱ्या पाण्यात तो साधारण १५०० मीटर धरतात. हवेत तो ३४० मीटरांच्या जवळपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल.

आता हिशेब सोपा आहे. होडीखाली १५ मीटर पाणी असेल, तर आवाजाला तळाशी जाऊन परत यायला ३० मीटर चालावे लागते. त्याला एका सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. आवाज सोडायचा, प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजायचा, त्यावरून अंतर काढायचे. विहिरीत दगड टाकून खोली अजमावणाऱ्या शेतकऱ्याची युक्ती आणि ही युक्ती एकाच जातीच्या आहेत. फरक एवढाच, की हे यंत्र वापरत असलेला आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ओळखतो. मत्स्यशोधकात नेहमी वापरतात ती कंपनसंख्या पन्नास हजार किंवा दोन लाख असते.

असा आवाज काढायचा कसा? याचे उत्तर प्येर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली शोधून ठेवले होते. गारेसारखे काही स्फटिक दाबले, तर त्यांच्यावर विजेचा भार निर्माण होतो. उलट त्यांना वीज दिली, तर ते आकुंचन-प्रसरण पावतात, असे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्याच्या निकडीतून पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा गुण कामी लावला. आजच्या ट्रान्सड्यूसरमध्ये गारेऐवजी खास तयार केलेल्या चिनी मातीसारख्या पदार्थाची चकती असते. विजेचा झटका मिळाला की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. प्रतिध्वनी येऊन तिच्यावर आदळला की ती पुन्हा थरथरते आणि वीज देते. म्हणजे तोंड तेच आणि कानही तोच.

युद्धासाठी जन्मलेली ही विद्या मासेमारीकडे वळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानमधील नागासाकी येथल्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे दाखवणारे, प्रत्यक्ष धंद्यात उपयोगी पडेल असे यंत्र तयार केले. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावी लॉरन्स कुटुंबाने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लहान होड्यांसाठी, हातात धरून नेता येईल एवढी हिरवी पेटी बाजारात आणली. त्याच काळात अमेरिका आणि कॅनडा येथल्या सरोवरांवर ॲल्युमिनियमच्या होड्यांचा सुळसुळाट झाला. त्याचे कारणही युद्धातच आहे. विमानांचे कारखाने ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवण्यात आणि रिव्हेट मारण्यात तरबेज झालेले होते. युद्ध संपताच विमानांची मागणी घटली आणि ग्रमनसारख्या विमाने बांधणाऱ्या कंपनीने १९४५ साली ॲल्युमिनियमच्या नावा विकायला काढल्या. होडी हलकी, मोटारीमागे ओढून नेता येणारी, लाकडासारखी न कुजणारी. मिनेसोटासारख्या सरोवरांच्या राज्यात चौदा-सोळा फुटांची अशी होडी सामान्य कुटुंबाच्याही दारात दिसू लागली. आपल्या कोकण किनाऱ्यावर लाकडी आणि फायबरच्या होड्यांचे राज्य आहे. म्हणून आज जे सांगायचे आहे ते मुख्यतः त्या सरोवरांवरच्या होड्यांचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

येथवर इतिहास झाला. आता विषयाच्या गाभ्याकडे वळतो. गाभा एका शब्दात सांगायचा तर तो आहे बुडबुडा.

मासा यंत्राला दिसतो कसा? माशाचे मांस पुष्कळसे पाण्यासारखेच असते. आवाज त्यातून बराचसा आरपार निघून जातो. परंतु बऱ्याच माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. पाण्यात वर-खाली तरंगत राहण्यासाठी निसर्गाने ती दिलेली आहे. पाण्यातून चाललेला आवाज हवेला भिडला की जवळजवळ सगळाच माघारी फिरतो. पडद्यावर जी खूण उमटते ती प्रामुख्याने या पिशवीची. हवा आहे म्हणून मासा दिसतो.

पण ज्या हवेने मासा दिसतो तीच हवा ट्रान्सड्यूसरच्या तोंडासमोर आली तर काय होईल? आवाज बाहेर पडण्यापूर्वीच माघारी फिरेल आणि यंत्राला ना तळ दिसेल ना मासा. डोळ्यांसमोर साबणाचा फेस धरून कोणी गाव पाहू म्हणेल, तसा तो प्रकार होईल. होडी जागच्या जागी उभी असेल तोवर ही अडचण जाणवत नाही. होडीने वेग घेतला, की तिच्या तळाखालून हवा मिसळलेले पाणी मागे धावू लागते आणि पडद्यावरचे चित्र तुटते. गिऱ्हाईक म्हणते, यंत्र खराब. दुकानदार म्हणतो, बसवणारा खराब. बसवणारा बिचारा दोघांकडे पाहत राहतो, कारण बुडबुड्याची गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते. म्हणून ट्रान्सड्यूसर बसवण्याचा पहिला नियम हा, की होडी चालत असताना त्याच्या तोंडाखाली स्वच्छ, न फेसाळलेले पाणी असले पाहिजे. पुढचे बहुतेक नियम याच एका नियमाची लेकरे आहेत.

कोणी विचारील, मग पाण्यात बसवण्याची यातायात कशाला? होडीच्या आतल्या बाजूने तळाला चिकटवून टाकावा. भरीव फायबरच्या होडीत असे करता येते आणि करतातही, कारण भरीव फायबरमधून आवाज बऱ्यापैकी पार होतो. लाकडात हवेने भरलेली सूक्ष्म छिद्रे असतात. ती आवाज गिळतात. ॲल्युमिनियमची तऱ्हा वेगळी आहे. पाणी आणि धातू यांच्या घडणीत इतके अंतर आहे, की आवाजाचा मोठा भाग त्या सांध्यावरूनच उलटा फिरतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या लहान होडीत रूढ आणि भरवशाची रीत म्हणजे होडीच्या अगदी मागच्या उभ्या फळीला, जिला ट्रान्सम म्हणतात तिला, बाहेरून तो बसवणे.

या फळीवर जागा कोठे निवडायची? मागे उभे राहून फळीकडे पाहिले, तर सामान्यतः मध्यभागी मोटार असते आणि तिच्याखाली पंखा. पंखा फिरताना पाणी घुसळतो आणि हवा मिसळतो. तेव्हा पंख्यापासून एक-सव्वा फूट तरी दूर राहावे. नेमके माप यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे. बाजू कोणती? बहुतेक मोटारींचा पंखा मागून पाहिला असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. अशा पंख्याची पाती उजव्या बाजूला खाली जातात आणि डाव्या बाजूला वर येतात. वर येणारी पाती फेस उचलतात. म्हणून उजवी बाजू बरी. पंखा उलट्या दिशेचा असेल तर हा न्यायही उलटा करावा. कारण ठाऊक असलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. नुसते ‘उजवीकडे बसव’ एवढेच पाठ केलेला मात्र येथे फसतो.

यानंतर होडी पालथी घालून किंवा गाडीवर चढवून तिच्या तळाकडे नीट पाहावे. ॲल्युमिनियमच्या होडीचा तळ फायबरसारखा गुळगुळीत नसतो. त्यावर लांबीच्या दिशेने उंचवटे काढलेले असतात आणि रिव्हेटच्या डोक्यांच्या रांगा असतात. असा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक डोके वेगात पाणी कापताना आपल्या मागे फेसाची एक शेपटी सोडते. ट्रान्सड्यूसर त्या शेपटीच्या सरळ रेषेत आला तर व्यर्थ. म्हणून दोन उंचवट्यांच्या मधली, ज्याच्यापुढे कित्येक फुटांपर्यंत रिव्हेट नाही, पाणी घेणारी नळी नाही, असा पट्टा शोधावा. एक पट्टी तळाला लावून पुढपर्यंत नजर टाकली की तो सापडतो. याला पाच मिनिटे लागतात आणि साऱ्या कामात याहून मोलाची पाच मिनिटे नाहीत.

उंची ठरवणेही त्याच न्यायाने होते. ट्रान्सड्यूसरचे तोंड होडीच्या तळाच्या रेषेपेक्षा किंचित खाली असावे लागते. काही उत्पादकांच्या पुस्तिका फायबरच्या होडीला ३ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमच्या होडीला १० मिलिमीटर सांगतात. रिव्हेट आणि उंचवटे यांनी तळालगतचे पाणी ढवळले जाते, म्हणून जरा अधिक खाली जावे लागते, असा त्याचा अर्थ आहे. फारच खाली गेले तर तो तुकडा पाण्याला अडवतो, मागे कारंजे उडवतो आणि एखाद्या ओंडक्याचा मार खातो. तोंड सपाट, पाण्याच्या पातळीला समांतर असावे. मागची फळी बहुधा तिरकी असते, तेव्हा खुंटी फिरवून हा कोन जुळवावा लागतो. पुढचे टोक खाली झुकलेले मात्र कधीही चालत नाही, कारण मग त्या झुकलेल्या तोंडामागे स्वतःचाच फेस तयार होतो.

तोंड समांतर ठेवण्याला आणखी एक कारण आहे. आवाज खाली जाताना पालथ्या नरसाळ्यासारखा पसरतो. हा पसारा २० अंशांचा धरला, तर १० मीटर खोलीवर त्याचा घेर साडेतीन मीटर व्यासाचा होतो. खोलीच्या तिसऱ्या भागाहून थोडा अधिक, असा हा ठोकताळा आहे. मासा या नरसाळ्याच्या कडेने शिरतो तेव्हा तो किंचित दूर असतो, मध्यावर येतो तेव्हा जवळ, आणि बाहेर पडताना पुन्हा दूर. म्हणून पडद्यावर त्याची कमान उमटते. ट्रान्सड्यूसर कलता बसला तर नरसाळे कलते होते. कमान अर्धीच उमटते आणि जेथे मासा दाखवला तेथे तो नसतो.

आता दुसऱ्या मोठ्या प्रश्नाकडे येतो. पहिला बुडबुड्याचा होता, हा धातूंच्या वैराचा आहे. चुकीच्या जागी बसवलेला ट्रान्सड्यूसर फार तर मासे दाखवणार नाही. चुकीच्या धातूचा ट्रान्सड्यूसर होडीच खाऊन टाकील.

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. पाण्यातले किडे लाकूड पोखरतात, त्यावर हा उपाय होता. जहाज वेस्ट इंडीजच्या समुद्रात जाऊन आले. १७६३ साली तपासणी झाली तेव्हा तांबे सुस्थितीत होते, परंतु पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे ठिकठिकाणी गंजून नाहीसे झालेले होते. काही खिळे मात्र शाबूत निघाले. शोध घेता असे आढळले, की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी तसाच राहून गेला होता आणि त्याने तांबे व लोखंड यांची गाठ पडू दिली नव्हती. एका कागदाने ते खिळे वाचवले.

याचे शास्त्र पुढे उलगडले. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असले आणि दोन्ही पाण्यात बुडालेले असले, की त्यांची एक छोटी बॅटरी बनते. व्होल्टाने १८०० साली आपली विजेची चळत रचली ती याच तत्त्वावर. या बॅटरीत एक धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. हंफ्री डेव्ही याने १८२४ साली हा दोष उलटवून त्याचा उपाय केला. तांब्याच्या तळाला त्याने मुद्दाम जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले आणि तांबे वाचले. आजही होड्यांना आणि त्यांच्या मोटारींना असे झिजण्यासाठीच दिलेले धातूचे तुकडे लावतात. त्यांच्यावर रंग फासू नये, नाहीतर त्यांचा उपयोग संपतो.

ॲल्युमिनियम या भांडणात दुबळ्या पक्षात मोडते. हवेत त्याच्यावर स्वतःच्याच गंजाचा पातळ, घट्ट पापुद्रा बसतो आणि तो त्याला सांभाळतो. पण तांबे, पितळ, कासे यांच्याशी ओल्या जागी गाठ पडली की झिजते ते ॲल्युमिनियमच. शिवाय तांब्याचे सूक्ष्म कण पाण्यात विरघळून ॲल्युमिनियमवर जाऊन बसतात आणि तेथे खड्डा पाडतात. होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात तांब्याचे एक नाणे पडून राहिले, तरी त्याखालच्या पत्र्याला भोक पडायला ते पुरेसे होते. म्हणून हे नियम काटेकोर पाळावेत. धातूच्या होडीला काशाच्या घराचा ट्रान्सड्यूसर कधीही लावू नये, प्लॅस्टिकचा लावावा. तळातून आरपार बसवायचा प्रसंग आलाच, तर स्टेनलेस पोलादाचा, आणि तोही मध्ये प्लॅस्टिकचे अस्तर देऊन. स्क्रू पितळी नकोत, स्टेनलेस हवेत. तेही ॲल्युमिनियमहून भिन्न धातूचे असल्यामुळे त्यांच्या आट्यांना लुकण भरपूर लावून मगच आवळावेत. जहाजाच्या खिळ्याचे काम त्या कागदाने केले, ते येथे लुकण करते. शेवाळ धरू नये म्हणून तळाला लावायचे पुष्कळ रंग तांबेयुक्त असतात. ॲल्युमिनियमच्या होडीला ते वर्ज्य. कूज लागू नये म्हणून ताम्रयुक्त औषध पाजलेले लाकूड पत्र्याला भिडवणेही तसेच वर्ज्य.

या ठिकाणी संघटनेच्या कामातला एक प्रसंग सांगितला तर तो अस्थानी होणार नाही. एका कारखान्यात खाऱ्या पाण्याच्या पंपाची ॲल्युमिनियमची झाकणे एका पावसाळ्यातच खड्डे पडून गळू लागली. बोल्ट आवळणाऱ्या फिटरवर ठपका आला. त्याने कमी-जास्त आवळले असणार. चौकशीत आम्ही स्टोअरची नोंदवही मागितली. स्टोअरमधून बोल्ट आले होते पितळेचे. फिटरने दिलेले बोल्ट सांगितल्याप्रमाणे लावले होते. पितळ आणि ॲल्युमिनियम यांचे वैर त्याला कोणी सांगितले नव्हते आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते नोंदवहीवर लिहिले नव्हते. ठपका मागे घेतला गेला. परंतु त्या दिवसापासून मला वाटत आले आहे, की कामगाराला काम सांगायचे आणि कारण सांगायचे नाही, हा त्याच्यावरचा अन्याय तर आहेच, पण मालाचाही नाश आहे.

आता प्रत्यक्ष जोडणी. होडीला भोक पाडणे हे मोठ्या जबाबदारीचे काम आहे. थंड सरोवराच्या मध्यावर दोन माणसे बसलेली असतात, ती दुसऱ्याने केलेल्या कामावर विश्वास ठेवून. म्हणून शहाणा कारागीर भोके शक्य तितकी टाळतो. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. जाड पॉलिथिनची एक पट्टी घ्यावी. आपल्या घरात भाजी चिरायला जो प्लॅस्टिकचा पाट असतो त्याच पदार्थाची. ती पट्टी मागच्या फळीवर एकदाच स्क्रूंनी पक्की करावी आणि तिचे स्क्रू होता होईल तो पाण्याच्या पातळीच्या वर येतील असे पाहावे. या पदार्थाला चिकटवणारे द्रव्य नीट धरत नाही, तेव्हा स्क्रूच लागतात. ट्रान्सड्यूसर मग या पट्टीला बसवायचा. पुढे तो वर-खाली करावा लागला, बदलावा लागला, तर नवी भोके पट्टीला पडतील, होडीला नाही.

भोक पाडताना आधी लहान बिट वापरावे. किती खोल जायचे तेथे बिटाला चिकटपट्टीचा वेढा द्यावा, म्हणजे बिट आरपार घुसत नाही. निघालेला चुरा पुसून काढावा. भोकात आणि स्क्रूवर, दोन्हीकडे लुकण भरावे. ते समुद्रकामाचे असावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन धातूला बाधते, ते नको. स्क्रू घट्ट करावेत, पण प्लॅस्टिकची खुंटी तडकेल इतके नव्हे.

तारेचेही शास्त्र आहे. ट्रान्सड्यूसरची तार लांब वाटली म्हणून कापू नये. उरलेली गुंडाळून ठेवावी. ती मोटारीच्या आणि रेडिओच्या तारांपासून दूर न्यावी, नाहीतर त्यांची खरखर पडद्यावर माशांसारखी दिसू लागते. फळीच्या माथ्यावरून तार आत घेता आली तर उत्तम. भोक पाडावेच लागले, तर ते पाण्याच्या पातळीच्या बरेच वर पाडून त्यावर झाकण बसवावे. यंत्राला वीज देताना धन आणि ऋण अशा दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात, आणि धन तारेवर पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचा फ्यूज घालावा. मोटारगाडीत एक तार सांगाड्याला जोडून भागवतात. ॲल्युमिनियमच्या होडीत तसे केले तर होडीच्या अंगातून वीज वाहू लागते आणि धातू झिजण्याला दुप्पट निमित्त मिळते.

शेवटी परीक्षा. होडी पाण्यात सोडल्यावर प्रथम आतून प्रत्येक स्क्रू पाहावा. काही वेळाने पुन्हा पाहावा. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवलेला असावा, म्हणजे बुडबुडे त्याला चिकटून राहत नाहीत. ॲसिटोनसारखी तीव्र द्रव्ये मात्र लावू नयेत, ती प्लॅस्टिक खातात. उथळ, माहितीच्या जागी काठी टाकून खोली मोजावी आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. मग होडी हळू चालवावी आणि वेग थोडा थोडा वाढवत जावे. ज्या वेगाला चित्र तुटते तो लिहून ठेवावा. ट्रान्सड्यूसर तीन मिलिमीटर खाली घ्यावा आणि पुन्हा चालवून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. दोन-तीन फेऱ्यांत जागा जमते. हा धीर ज्याच्यापाशी नाही त्याने यंत्राला दोष देऊ नये.

श्रोतेहो, या साऱ्या तपशिलातून आपण काय घरी न्यायचे? आपल्यापैकी सरोवरावर जाऊन ॲल्युमिनियमच्या होडीत बसणारे थोडे. पण आपल्या घरात, कारखान्यात, दवाखान्यात रोज नवी यंत्रे येत आहेत आणि त्या प्रत्येकाला कोणाचा तरी हात लागतो. आपण यंत्र कोणत्या कंपनीचे ते विचारतो, किंमत विचारतो. बसवणाऱ्याला काय शिकवले आहे, हे विचारत नाही. कागदावरचे दहा नियम पाठ करणाऱ्याला अकरावी अडचण आली की तो थांबतो. बुडबुडा आणि धातूंचे वैर एवढी दोन कारणे ज्याला समजली, तो त्यातून विसावा नियमसुद्धा स्वतः काढील. क्युरी बंधूंनी, लांजव्हँने, डेव्हीने जे शोधले ते त्या माणसाच्या हाती पोचले तरच त्यांचे शोध पुरे झाले, असे मी समजतो. कारागिराला कारण सांगण्याची आणि त्याने ते मागण्याची रीत आपल्या समाजात पडावी, त्यासाठी शाळांनी, कारखानदारांनी आणि आम्हा संघटनेच्या लोकांनीही आपापला वाटा उचलावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.